आमची यारी पिवळी झाली

परभणीत यारी बनत होती, हे आज कुणाला सांगितलं तर तो आधी माझ्याकडं आणि मग शेजारच्याकडं बघतो. यारी म्हणजे विहीर खोदताना आतला दगड आणि मुरूम वर ओढायचं यंत्र. एक लोखंडी खांब, त्याला फिरता हात, हाताच्या टोकावरून खाली सोडलेली पोलादी तार, तारेला माणूस उभा मावेल एवढी लोखंडी बकेट आणि हे सगळं ओढायला डिझेलचं इंजिन. दिसायला ओबडधोबड, पण विहिरीत उतरलेल्या माणसाचा जीव त्या एका तारेवर टांगलेला असतो. असली यंत्रं आम्ही बनवायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक.

विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला त्या साली मी एका सरकारी ट्रॅक्टर शेडमध्ये फिटर होतो. एसट्या कधी चालू, कधी बंद. खेड्यांतून वस्त्या जाळल्याच्या बातम्या यायच्या आणि शहरातली माणसं चहाच्या टपरीवरसुद्धा दबक्या आवाजात बोलायची. त्या दिवसांत दाजी एकदा चालत आमच्या घरी आले आणि ओसरीवर बसून म्हणाले, "सरकारी पाने आवळत म्हातारा व्हायचंय का तुला? जिल्हाभर इहिरी खोदायला लागलेत लोक. यारी समदी बाहीरून येयलीय. आपून हितंच करू."

मी नोकरी सोडली. वडिलांनी एवढंच सांगितलं, की जे काही करायचं ते दोघांच्या नावावर करा. मला त्यांचा राग आला. दाजींकडं कागद मागायचा म्हणजे आक्काच्या संसारावर शंका घ्यायची, असं आमच्याकडं समजतात. सोयऱ्याशी व्यवहार तोंडानं करायचा आणि कागद परक्याशी करायचा, ही आमची अक्कल. तेव्हा शेड दाजींच्या नावावर, लायसन दाजींच्या नावावर, पाटी दाजींच्या आडनावाची. माझं काय होतं, तर दोन हात होते आणि एक खटका होता.

खटक्याबद्दल सांगितलंच पाहिजे. ब्रेक सुटला तर भरलेली बकेट खालच्या माणसाच्या डोक्यात जाते, ही त्या काळच्या सगळ्या यंत्रांची भीती. मी आणि दाजींनी मिळून ड्रमच्या कडेला एक दातेरी चाक बसवलं आणि त्यावर पडणारा लोखंडी खटका केला. ब्रेक सुटला की तो आपोआप दात्यात पडायचा आणि बकेट वीतभर घसरून जागेवर थांबायची. कल्पना दाजींची, घडवला मी. गिऱ्हाईक आमच्याकडं यायचं ते त्या खटक्यासाठी.

पहिली यारी पिंगळीच्या एका शेतकऱ्यानं घेतली. यंत्र उभं राहिलं, नारळ फुटला, ड्रमला हळदकुंकू लागलं आणि त्या माणसानं बकेटच्या काठावर हात ठेवून विचारलं, "ह्याच्यात तुमी सोता बसताव का? का आमच्याच लेकरायला बसवायलाव?" दाजींनी चपला काढल्या, धुवट पायजमा वर खोचला, बकेटमध्ये उभे राहिले आणि मला म्हणाले, "सोड." मी ब्रेकवरचा पाय हळूहळू उचलत त्यांना तळाला पोचवलं आणि वर घेतलं. त्या शेतकऱ्यानं स्वतःचा फेटा उतरवून त्यांच्या डोक्याला बांधला.

तेव्हापासून आमच्या वर्कशॉपची ती रीतच पडली. यारी ताब्यात द्यायच्या आधी पहिली खेप बनवणाऱ्यानं करायची. दाजी खाली जाणार आणि ब्रेक माझ्या पायाखाली राहणार. ते तळ गाठून वर यायचे, मालक फेटा बांधायचा, चहा व्हायचा आणि आम्ही घरी. फेटे इतके साठले की आक्कानं त्यांच्या गोधड्या शिवल्या. माझ्या पायाला एकदा तरी कुणी फेटा बांधावा, असं मी चेष्टेनं म्हणायचो. त्यावर दाजी म्हणायचे, "तुझा पाय हाय म्हणून माझं डोकं हाय फेट्याला." हे ऐकलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. असल्या वाक्यांवर मी माझी उमेदीची वर्षं काढली.

शेजारच्या जिल्ह्यात यारीचा एक मोठा कारखाना होता. त्यांची यंत्रं पिवळी. सुरुवातीला आमच्या भागात त्यांचं एखादंच दिसायचं. मग त्यांनी गंगाखेडच्या बाजूचं एक छोटं वर्कशॉप घेतलं. पुढच्या वर्षी हिंगोलीकडचं घेतलं. विकत घेतलं असं ते कधी म्हणत नसत, "आता आपण एक झालो" असं म्हणत. सत्कार व्हायचा, पेढे वाटले जायचे. जुन्या वर्कशॉपचं नाव थोडे दिवस पिवळ्या रंगावर बारीक अक्षरात राहायचं, मग तेही जायचं आणि शेडला कुलूप लागायचं. एक झाले हे खरंच, कारण शेवटी एकच उरायचा.

परभणीत आमच्याशिवाय दुसरं वर्कशॉप जिंतूर रोडला होतं. एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं. निजामाच्या काळात रेल्वेत काम शिकलेला माणूस, बोलणं सगळं दखनी. ते आमचे स्पर्धक, पण ईदला शीरखुर्मा पाठवणारे. दाजींनी ठरवलं, की पिवळ्यांच्या पुढं टिकायचं तर आपण दोघांनी एक व्हावं. ओतकाम त्यांचं, जोडकाम आमचं. मिस्त्री आमच्या शेडमध्ये आले, बशीतून चहा प्याले, खटका दोनदा पाडून बघितला आणि म्हणाले, "हौ बेटा, मिलके करिंगे." दोघांनी ड्रमवर हात ठेवून शब्द दिला. मी बाजूला ग्रीसनं माखलेले हात घेऊन उभा होतो, आणि मला वाटलं, आता आपल्याला कुणी हलवत नाही.

त्याच उन्हाळ्यात मिस्त्रींनी पिवळ्यांना वर्कशॉप दिलं. मुलं सौदीला गेली होती आणि मिस्त्रींच्या हातून आता काम होत नव्हतं. कारण खरं होतं, पण ऐकायच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो. दाजी तर पेटलेच. रस्त्यात मिस्त्रींनी सलामाला हात उचलला, तर दाजींनी मान फिरवली. शेडमध्ये आल्यावर पोरांना गोळा करून म्हणाले, "मानसानं उपाशी ऱ्हावं, पन इमान इकू नी. आपून मेलो तरी पिवळं व्हायचं न्हाई." पोरांनी माना हलवल्या. सगळ्यात जोरात मी हलवली.

मग पिवळ्यांचा साहेब आमच्याकडं यायला लागला. सफारी घातलेला, जीपमधून उतरणारा, गोड बोलणारा. पहिल्या वेळी दाजींनी त्याला दारातूनच लावून दिलं, चहासुद्धा विचारला नाही. परभणीत आलेल्या माणसाला चहा न विचारणं म्हणजे त्याचा पाणउतारा करणं. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या वेळी पाणी दिलं. तिसऱ्या वेळी मी सामान न्यायला बैलगाडा ठरवायला गेलो होतो. परत आलो तर स्टुलावर दोन रिकामे कप होते. मी कप उचलून धुऊन ठेवले. माणूस आंधळा व्हायचा ठरला की त्याला डोळे असून उपयोग नसतो.

त्यानंतर दाजी ओतीव गिअर बघायच्या निमित्तानं शेजारच्या जिल्ह्यात जायला लागले. आक्का एक दिवस सण नसताना शिरा घेऊन शेडवर आली. मी खात असताना म्हणाली, "भाऊ, सरकारी शेडमदी परत घेतेत का रे कुनाला?" मी हसलो. म्हटलं, "आता मालक झालेला मानूस पाने आवळायला जाईल का?" तिनं माझी ताटली उचलली आणि धुवायला गेली. तिला तेव्हा सगळं माहीत होतं. माझ्या सख्ख्या बहिणीला.

पुढच्या आठवड्यात झरीला एक यारी द्यायची होती. चांगली जमीन, मोठा शेतकरी, विहीर आठ परस, म्हणजे आठ पुरुष, खोल गेलेली आणि अजून ओल नाही. आम्ही यंत्र उभं केलं. तेवढ्यात बांधावरून साहेबाची जीप आली. मी दाजींकडं बघितलं, तर ते म्हणाले, "बघू दे त्याला आपला खटका कसा चालतोय ते. जळू दे जरा." मला हसू आलं. नारळ फुटला. दाजी नेहमीप्रमाणं चपला काढतील म्हणून मी ब्रेकजवळ जाऊन उभा राहिलो. ते माझ्या शेजारी आले आणि म्हणाले, "आज तू बस गड्या. माझा गुडघा धरायलाय."

इतक्या वर्षांत मी एकदाही खाली गेलो नव्हतो. बकेटमध्ये पाय ठेवला आणि तार दोनदा ओढून बघितली. दाजींनी मला सोडायला सुरुवात केली. पहिले दोन परस माती, मग मुरूम, मग काळा दगड. उन्हाची तिरीप वरच राहिली. खाली इतका गारवा होता की दंडावर काटा आला. बकेट तळाला टेकली. मी रीतीप्रमाणं खाली उतरून तळाला हात लावला, परत बकेटमध्ये उभा राहिलो आणि तार हलवून इशारा केला.

तार हलली नाही. वर खटका पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ इंजिन बंद पडलं. मला वाटलं डिझेल संपलं. एकदम सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत काडी ओढल्याचा आवाज आला. दाजींनी बिडी पेटवली होती. आठ परस वर पेटवलेली काडी, आणि मला ती कानाजवळ ऐकू आली. विहीर अशी असते हे मला ठाऊक नव्हतं. काठावर कुणी कुजबुजलं तरी दगडाच्या भिंती ते जसंच्या तसं खाली आणून सोडतात.

साहेब दबक्या आवाजात म्हणाला, "मेव्हण्यांना सांगितलंत का?"

दाजी म्हणाले, "सांगतो."

"शेड या महिन्यात बंद करायचं. खटका आमच्या सगळ्या यंत्रांना बसेल, आमच्या नावानं. परभणीची एजन्सी तुमच्याकडं. मेव्हण्यांना मात्र आमच्याकडं जागा नाही, ते मी आधीच सांगितलंय."

"हाव. त्याचं नाव कुठंच न्हाई. त्याची काई अडचन न्हाई." मग थोडं थांबून, सावकाश, एकेक शब्द मोजून टाकल्यासारखं दाजी म्हणाले, "आजून सही केली न्हाई मी. उद्याच्याला या."

मी वर बघितलं. ताटाएवढं आभाळ दिसत होतं आणि त्याच्या काठाला कुणीच नव्हतं. आधी मला काही वाटलंच नाही. मग मी बकेटचा काठ घट्ट धरला. "त्याची काई अडचन न्हाई." घरातल्या जुन्या ट्रंकेबद्दल बोलावं तसं माझ्याबद्दल बोलणं झालं होतं. ओरडावं असं वाटलं. शिव्या आठवल्या, चांगल्या दखनी शिव्या, ज्या मी मिस्त्रींच्या शेडवर जाता-येता शिकलो होतो. पण ज्या तारेनं मला वर यायचं होतं तिचा ब्रेक त्यांच्या पायाखाली होता, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांच्या घरात माझी बहीण होती. मी एक शब्द बोललो असतो तर झरीच्या पंधरा माणसांसमोर सोयरीक तुटली असती. मग आक्कानं माहेरी कोणत्या तोंडानं यावं आणि सासरी कोणत्या तोंडानं राहावं? मी मूग गिळून बसलो.

इंजिन सुरू झालं. मी वर आलो. उजेडात डोळे मिटमिटत होते तोच मालकानं माझ्या डोक्याला फेटा बांधला, भला मोठा, गुलाबी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दाजी माझ्याकडं बघत होते. नुसतं बघत नव्हते, टक लावून होते, आणि हातातली बिडी विझली तरी त्यांना कळलं नव्हतं. मी हसलो. कसा हसलो कोण जाणे, पण हसलो. केसानं गळा कापणाऱ्या माणसासमोर मी गुलाबी फेटा बांधून हसलो.

येताना त्यांच्या मोटरसायकलवर मागं बसलो. रस्त्यात त्यांनी मान थोडी वळवून विचारलं, "खाली कसं वाटलं?"

मी म्हणालो, "गार होतं."

त्यांनी मान परत रस्त्याकडं वळवली.

महिन्याच्या आत आमचं शेड बंद झालं. शेवटची दोन यंत्रं तिथंच पिवळी केली, माझ्या डोळ्यांदेखत. रंगाऱ्यानं खटक्यावरसुद्धा ब्रश फिरवला. दाजींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की काळ बदललाय, एकट्यानं टिकाव लागत नाही, तुझंही काहीतरी बघू. मी हो म्हणालो. त्यांनी काही बघितलं नाही आणि मी काही विचारलं नाही. मी पिंगळीला स्टेशनजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. जळालेल्या मोटारी लोक आणून टाकतात, मी तार गुंडाळून देतो. पोट भरतं. पण पिवळी यारी दिसली की माझं अन्न गोड लागत नाही, हे मी लपवत नाही.

सोयरीक मात्र टिकली. राखीला गेलो, भाऊबीजेला गेलो, भाच्याच्या लग्नात मामा म्हणून अंतरपाट धरला. दाजींशी पावसापाण्याचं बोललो. रस्त्यात कधी जिंतूर रोडचे मिस्त्री भेटले तर मी आधी सलाम करायचो. त्यांनी निदान आमच्या तोंडाला पानं पुसली ती उघड्यावर पुसली.

मग विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागला तो जानेवारी आला. रस्त्यावर पोलीस, एसटीचा भरवसा नाही. मी संक्रांतीला आक्काकडं गेलो आणि दुपारी अडकून पडलो. दाजी एजन्सीच्या कामाला बाहेर गेले होते. आक्कानं हातावर तिळगूळ ठेवला, चूल फुंकली, आणि माझ्याकडं पाठ करूनच म्हणाली, "तू आजून मनात धरून हायस, भाऊ."

मी म्हणालो, "काय धरायचंय आता?"

"धरून हायस. मला कळतंय." ती वळली. "पन एक सांगू का? त्यायनी तुला चोरून काई केलं न्हाई. आदी तुला सांगितलं, मंग सही केली."

"कवा सांगितलं?"

"झरीला. इहिरीत." ती असं बोलली जणू ही गोष्ट मला पाठ असणार. "तोंडावर सांगायची छाती व्हईना. म्हून तुला खाली सोडलं आन सायबाला वर बोलतं केलं. इहिरीत वरचं समदं ऐकू येतं, हे त्यायला काय ठाऊक न्हवतं? इतकी वर्सं तेच तर उतरले. मला सकाळीच म्हनले व्हते, आज ऐकवतो त्याला. वर येऊन नका इकू म्हनला तर सायबाला माघारी लावतो. सही मुद्दाम ठिवली व्हती. सांजच्याला आले आन म्हनले, त्यानं ऐकलं, फेटा बांधून घेतला, हासला. गाडीवर परत इचारलं, तरी काई बोलला न्हाई. तवा आमी म्हनलं, चला, त्याची ना न्हाई."

मी तिळगुळाचा खडा हातात धरून बसलो होतो. तो मऊ होऊन बोटांना चिकटला.

एक शब्द. मी एक शब्द बोललो असतो तर शेड राहिलं असतं. आणि मी जिच्यासाठी तो शब्द गिळला होता ती माझ्यासमोर बसून मला सांगत होती, की तू बोलला नाहीस म्हणून आम्ही मोकळे झालो. मला इतका राग आला की कानशिलं तापली. माझं सर्वस्व काढून घ्यायचं, आणि नको म्हणायचं कामही माझ्यावरच टाकायचं, तेही विहिरीच्या तळाला उभं करून. माझ्या त्या एका हसण्यावर ही दोघं नवराबायको इतकी वर्षं निवांत झोपली होती.

"मग का बोलला न्हाईस रे?" आक्कानं विचारलं. खरंच विचारत होती. डोळ्यांत पाणी होतं.

तुझ्यासाठी, हे माझ्या अगदी जिभेवर आलं. ते बोललो असतो तर ती जन्मभर रडली असती, आणि तरीही तिला कुठंतरी बरं वाटलं असतं, भावानं जीव लावला म्हणून. तेवढंही मला द्यायचं नव्हतं.

"काय बोलायचं?" मी म्हणालो. "मला काई ऐकूच आलं न्हाई आक्का. इंजन चालू होतं."

"बंद केलं म्हनले की ते."

"न्हाई. चालूच होतं. मला कळलं ते शेडला कुलूप लागल्यावर."

 तिनं हातातली फुंकणी जमिनीवर ठेवली. "म्हंजे तुला कुनी सांगितलंच न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई."

"आन इचारलं बी न्हाई."

"कुनीच न्हाई."

खोटं बोलून इतकं बरं मला आयुष्यात दुसऱ्यांदा कधी वाटलं नाही. बाहेर मोटरसायकल थांबली. दाजी आत आले, मला बघून तोंडभर हसले, खुंटीला टोपी अडकवली आणि चहा टाक म्हणून आत आवाज दिला. आक्का चुलीपुढंच बसली होती. त्यांनी परत आवाज दिला. ती उठली नाही, आणि त्यांच्याकडं तिनं मान वळवूनही बघितलं नाही.